चाळीस लिटर समुद्र : प्रस्तावना

१८४६ साली ॲना थिन नावाची एक बाई इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की इथे गेली होती. तिथल्या खडकांवर तिला दगडी प्रवाळ दिसले आणि ते जिवंत घरी न्यायचे असं तिने ठरवलं. घर लंडनला. तिने दगडी बरणीत समुद्राचं पाणी भरलं, प्रवाळ एका मोठ्या स्पंजाला सुईदोऱ्याने टाचले आणि बरणी घेऊन ती निघाली. पुढे किनाऱ्यावरून नवं पाणी मागवायची सोय तिने लावली. ते वेळेवर आलं नाही, की घरातली मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून जुनंच पाणी अर्धा-पाऊण तास या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राही. हेतू एवढाच, की पाण्यात हवा मिसळावी. दुसऱ्या वर्षी तिने त्यात समुद्री शेवाळ घातलं आणि ओतण्याचं काम हलकं झालं. प्रवाळ जगलेच, शिवाय वाढले आणि त्यांची संख्याही वाढली. १८५९ मध्ये तिची निरीक्षणं छापून आली.

खाऱ्या पाण्याचं ॲक्वेरियम दीर्घकाळ टिकल्याचं हे पहिलं उदाहरण मानतात. त्यात मासे नव्हते, प्रवाळ होते. ‘आधी मासे पाळा, मग जमलं तर कोरल’ हा सल्ला आज प्रत्येक नवशिक्याला मिळतो. इतिहासाचा क्रम मात्र उलटा आहे. आणि दुसरं म्हणजे, हे सगळं घडलं ते समुद्रापासून दूर, शहराच्या मध्यभागी. बाईकडे हीटर नव्हता, पंप नव्हता, पाणी तपासायचं कसलंही साधन नव्हतं. पाणी हलतं राहिलं पाहिजे, त्यात हवा राहिली पाहिजे आणि त्यातली घाण कुणीतरी शोषून घेतली पाहिजे, हे तिने नुसतं पाहून ओळखलं होतं.

मी राहतो नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्यात. इथून समुद्र सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि मध्ये सह्याद्री. कांदा, डाळिंब, चणकापूरच्या कालव्याचं पाणी कधी सुटणार, हे इथले रोजचे विषय. अशा गावात बसून कोरलवर पुस्तक लिहिणाऱ्याला ‘इथे कशाला?’ हा प्रश्न विचारला जातोच. माझं उत्तर सरळ आहे. छोट्या टँकमध्ये कोरल वाढवणं हे नव्वद टक्के पाण्याचं काम आहे, आणि कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यातल्या माणसाइतकं पाण्याकडे मीटर लावून पाहणारी माणसं किनाऱ्यावरही कमीच सापडतील.

ड्रिपवर डाळिंब घेणाऱ्या शेतकऱ्याला पीएच म्हणजे काय आणि ईसी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकाच टाकीत दाट कालवायचं नाही, नाहीतर साका बसतो आणि ड्रिपर चोक होतात, हे त्याला कुठल्याही पुस्तकाआधी ठाऊक असतं. कोरलच्या टँकमध्ये नियम हाच. कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण आणि खाण्याच्या सोड्याचं द्रावण वेगवेगळं ठेवायचं आणि वेगवेगळ्या वेळी, थेंबाथेंबाने सोडायचं. दोन्ही एकत्र आली की पाणी दुधाळ होतं आणि कोरलने सांगाड्यासाठी वापरायचा चुना तळाशी वाया जातो. मुंबई-पुण्याच्या हौशी माणसाला ही गोष्ट समजायला काही महिने लागतात. देवळ्यातल्या माणसाला ती पहिल्या दिवशी कळते. या पुस्तकाची सगळी मांडणी त्या विश्वासावर उभी आहे.

प्रवाळ हा प्राणी आहे, एवढं अजूनही प्रत्येक वेळी सांगावं लागतं. एक पॉलिप म्हणजे मध्ये तोंड आणि भोवती बाहूंची झालर असलेली इवलीशी पिशवी. अशा शेकडो-हजारो पिशव्या एकमेकींना जोडून वसाहत होते. उष्ण कटिबंधातल्या उथळ पाण्यातल्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींमध्ये एकपेशीय शैवाल राहतं. त्याला झूझँथेली म्हणतात. शैवाल उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. प्रवाळ त्याला आसरा देतो, शिवाय आपल्या शरीरातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड आणि नत्रही देतो. म्हणून प्रवाळाच्या टँकला झाडाच्या हिशेबाने उजेड लागतो आणि प्राण्याच्या हिशेबाने स्वच्छ पाणी. ॲना थिनचे प्रवाळ थंड समुद्रातले होते, त्यांच्यात हे शैवाल नव्हतं. लंडनच्या घरातल्या मंद उजेडात ते जगले, याचं एक कारण हेही आहे.

सकाळी दिवा लागल्यावर झोअँथस या प्रवाळाच्या भाऊबंदाची वसाहत पाहत बसावं. आधी सगळे पॉलिप मिटलेले, बटणं मांडून ठेवल्यासारखे. मग एखाददुसरा कडेने उकलतो, बाहूंची हिरवी झालर दिसते, मधली नारिंगी तबकडी पसरते. थोड्या वेळाने सगळा दगड झाकून जातो. वरून हात फिरला, सावली पडली, की जवळचे झटकन मिटतात. एखाद्या सकाळी उघडायला नेहमीपेक्षा उशीर झाला, तर पाण्यात काहीतरी बिघडलं असण्याची शक्यता असते. टेस्ट किटच्या आधी ही वसाहत सांगते.

आता छोट्या टँकचा प्रश्न. फार वर्षं जाणकारांचं मत असं होतं, की खाऱ्या पाण्यात टँक जितका मोठा तितका सोपा, आणि नवशिक्याने लहान टँकच्या वाटेला जाऊ नये. त्यामागचं गणित खोटं नाही. चाळीस लिटर पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने १,४०० ग्रॅम मीठ असतं. दोन लिटर पाण्याची वाफ झाली तरी मीठ तेवढंच राहतं, आणि क्षारता ३५ वरून जवळजवळ ३७ वर जाते. चारशे लिटरच्या टँकमध्ये तेवढीच वाफ झाली तर फरक जाणवणारही नाही. तापमानाचंही तेच. मोठं पाणी हळू तापतं, हळू निवतं. लहान टँक चूक लपवत नाही.

पण त्याच गणिताला दुसरी बाजू आहे. चाळीस लिटरच्या टँकचं आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदलायचं म्हणजे चार-सहा लिटरची एक बादली. त्या बादलीबरोबर साठलेलं नायट्रेट निघून जातं, संपलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सूक्ष्म घटक नव्या पाण्यातून भरून निघतात. चारशे लिटरला हे करायचं तर घरात पिंपं मांडावी लागतात, म्हणून तिथे यंत्रं येतात, आणि यंत्रांबरोबर खर्च येतो. छोट्या टँकला रोज दहा मिनिटं लक्ष लागतं. मोठ्या टँकला पैसा. माझा कल कुठे आहे हे पुस्तकाच्या नावावरून कळेलच.

एकोणिसाव्या शतकाकडे परत जाऊ, कारण आजच्या पद्धतींमधले वाद त्याशिवाय नीट समजत नाहीत. १८५०च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने प्राणी आणि वनस्पती यांचा मेळ बसवलेल्या टँकची कल्पना पद्धतशीर मांडली. फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ मध्ये ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक लिहिलं आणि इंग्लंडमध्ये घरोघरी खाऱ्या पाण्याच्या टँकचं वेड पसरलं. त्याच वर्षी गॉस यांनी क्षार मिसळून समुद्राचं कृत्रिम पाणी करायची कृतीही प्रसिद्ध केली. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या सगळ्यांवर हे त्यांचं ऋण आहे. पण या वेडाची किंमत त्याच किनाऱ्याने मोजली. बरण्या घेऊन लोक खडकांवर उतरले आणि शेकडो वर्षं भरलेली खडकांतली डबकी काही वर्षांत रिकामी झाली. गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी १९०७ सालच्या आपल्या आठवणींत त्याबद्दल खंत नोंदवून ठेवली आहे. छंदाचा पहिला मोठा बहर आणि छंदाने केलेली पहिली मोठी हानी एकाच पिढीत झाली. हे मी पुस्तकात पुन्हा पुन्हा सांगितलं आहे, कंटाळा येईल इतकं.

उष्ण कटिबंधातले प्रवाळ मात्र पुढची शंभर वर्षं टँकमध्ये मरत राहिले. वाट दाखवली ती जकार्तातल्या ली चिन एंग यांनी. १९६१ मध्ये त्यांनी आपली पद्धत एका अमेरिकन मासिकात मांडली. ती विलक्षण साधी होती. समुद्रातून आणलेले, जिवाणू आणि बारीक जीवांनी भरलेले दगड, समुद्राचं पाणी, ऊन आणि हवेचे बुडबुडे. फिल्टर जवळपास नाहीच. पाणी शुद्ध करणारं यंत्र म्हणजे तो दगडच, हे त्यांनी दाखवून दिलं. ज्यांच्या दारात समुद्र नव्हता त्यांना हे जमेना, आणि पुढली बरीच वर्षं ही कल्पना बाजूला पडून राहिली.

तिला पुन्हा उचललं जर्मन भाषिक छंदप्रेमींनी. पीटर विल्केन्स यांनी चुन्याच्या निवळीने टँकमधलं कॅल्शियम टिकवायची पद्धत रूढ केली. आपल्याकडे पानाला लावायचा चुना भिजत घालून वरची निवळी घेतात, तेच हे पाणी, फक्त चुना शुद्ध हवा. बर्लिनच्या मंडळींनी जिवंत दगड, फेसातून सेंद्रिय घाण बाहेर काढणारा प्रोटीन स्किमर, भरपूर उजेड आणि चुन्याची निवळी यांची सांगड घातली. तीच ‘बर्लिन पद्धत’. डिट्रिख श्ट्युबर यांच्या बर्लिनमधल्या टँकमध्ये वाढलेल्या ॲक्रोपोरा या फाट्याफाट्यांच्या दगडी प्रवाळाचे तुकडे हातोहात देशोदेशी गेले. समुद्रातून ओरबाडून न आणता टँकमधूनच टँक भरता येतो, याचा तो पुरावा ठरला. मला विचाराल तर या छंदाच्या इतिहासातली सगळ्यात मोलाची घटना ती आहे.

अमेरिकेत १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने ‘मिनिरीफ’ हा शब्द आणि ठिबकत्या फिल्टरची पद्धत घरोघरी पोचवली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात वॉल्टर एडी यांनी स्किमरऐवजी शेवाळाच्या जाळ्यांवर भर दिला. मोनॅकोत जाँ जोबेर यांनी वाळूच्या जाड थराखाली पाण्याची पोकळी ठेवून तिथल्या जिवाणूंकडून नायट्रेट संपवून घेतलं. प्रत्येक गट आपलीच पद्धत निसर्गाच्या जवळची असं म्हणत राहिला. १९९४ मध्ये चार्ल्स डेलबीक आणि ज्युलियन स्प्रंग यांच्या ‘द रीफ ॲक्वेरियम’चा पहिला खंड आला आणि विखुरलेलं हे ज्ञान प्रथमच एका जागी नीट वाचायला मिळालं. त्याच सुमारास हान्स-वेर्नर बालिंग यांची वेगवेगळ्या द्रावणांची पद्धत आली. ड्रिपच्या दोन टाक्यांशी जिचं नातं मी वर सांगितलं ती हीच. पुढच्या काळात प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना पाठवून तीसेक मूलद्रव्यांचा अहवाल मागवण्याची चाल पडली. छोट्या टँकवाल्याला तिची क्वचितच गरज पडते.

चिमुकले टँक खऱ्या अर्थाने सोपे झाले ते एलईडीमुळे. त्याआधी कोरलला पुरेल एवढा उजेड देणारे मेटल हॅलाइड दिवे इतके तापत, की तीस-चाळीस लिटर पाणी त्यांच्याखाली लवकरच नको इतकं तापे. कमी वॉटचे, थंड राहणारे, निळ्या उजेडाकडे झुकणारे दिवे स्वस्त झाले आणि २००० नंतरच्या दोन दशकांत ‘नॅनो रीफ’ ही स्वतंत्र शाखा झाली.

महाराष्ट्राचं या सगळ्यात काय? मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं होतं. आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी खाऱ्या पाण्यातला मासा पहिल्यांदा काचेपलीकडे पाहिला तो तिथेच, शाळेच्या सहलीत. पण आपल्या राज्याला स्वतःचे प्रवाळही आहेत, हे त्या सहलीत फारसं कुणी सांगत नसे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात पोराइट्स, टर्बिनेरियासारखे दगडी प्रवाळ आहेत आणि १९८७ पासून मालवणचा तो परिसर सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरवर खोल समुद्रात, कान्होजी आंग्र्यांचं नाव लाभलेली आंग्रिया बँक आहे. पाण्याखाली बुडालेलं एक पठारच ते, आणि त्याच्या माथ्यावर प्रवाळांची समृद्ध वस्ती आहे. खुद्द मुंबईत, वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर, ओहोटीला उघडे पडणारे प्रवाळ आहेत. कोस्टल रोडच्या कामात आलेले प्रवाळ २०२० मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांकडून दुसरीकडे हलवले गेले. त्यासाठी वनखात्याची परवानगी घ्यावी लागली होती.

त्या परवानगीमागचा कायदा या पुस्तकाच्या प्रत्येक वाचकाने आधी समजून घेतला पाहिजे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे दगडी, म्हणजे प्रवाळभित्ती बांधणारे, प्रवाळ आहेत. काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखेही आहेत. वाघ ज्या अनुसूचीत, तिथेच हे. २०२२च्या दुरुस्तीनंतरही त्यांचं स्थान तेच आहे. असा जीव किंवा त्याचा तुकडा समुद्रातून काढणं, विकणं, बाळगणं हा गुन्हा आहे, आणि शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. समुद्रातून काढलेला ‘लाइव्ह रॉक’ हा बहुधा प्रवाळाचाच सांगाडा असतो. त्यामुळे ली चिन एंग यांची पद्धत जशीच्या तशी भारतात चालत नाही. समुद्री घोडे, समुद्री काकड्या यांनाही याच कायद्याचं संरक्षण आहे. परदेशी छायाचित्रांत दिसणारे ॲक्रोपोराचे निळे-जांभळे फाटे दुकानात कुणी दाखवले आणि ‘काही होत नाही’ असं म्हटलं, तर तिथून निघून यावं.

मग उरतं काय? बरंच. दगडी सांगाडा न बांधणारे मशरूम, झोअँथस, झीनिया, लेदर कोरल. पहिल्या दोघांना शास्त्रज्ञ काटेकोरपणे प्रवाळ म्हणत नाहीत, त्यांचे जवळचे भाऊबंद म्हणतात. टँकमध्ये त्यांची निगा मात्र प्रवाळांसारखीच. चाळीस लिटरच्या टँकला ही मंडळी तशीही जास्त मानवतात, कारण त्यांना कॅल्शियमची भूक कमी असते आणि थोडं पोषक पाणी त्यांना आवडतं. दगड सिमेंटचा किंवा सिरॅमिकचा, जिवाणू बाटलीतून किंवा चालू टँकमधून. पुस्तकातली एकही कृती समुद्रातून ओरबाडलेल्या जिवावर अवलंबून नाही. एक सावधगिरी इथेच सांगून टाकतो. काही झोअँथस-पॅलिथोआंमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय घातक विष असतं. हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्यांचा तुकडा करू नये, आणि त्यांचा दगड उकळत्या पाण्यात तर कधीच टाकू नये. वाफेतून विषबाधा होते.

या विषयावरची बहुतेक पुस्तकं बर्लिन, ओहायो किंवा सिंगापूरच्या घरात बसून लिहिलेली आहेत. आपल्या अडचणी त्यांत नाहीत, आणि आपल्या सोयीही नाहीत. उदाहरणार्थ उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये देवळा-मालेगावकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि टँकचं पाणी तर २५-२६ अंशांना हवं. तीस अंशांवर काही दिवस गेले तर बरेच कोरल आपलं शैवाल टाकून पांढरे पडायला लागतात. सगळे सांगतात, चिलर घ्या. पण आपली हवा कोरडी आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर आडवा छोटा पंखा सोडला, की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. मुंबईच्या दमट हवेत तोच पंखा निम्मंही काम करत नाही. खोली माठासारखी थंड, उत्तरेकडची, वर पत्रा नसलेली निवडली तर चिलरशिवाय उन्हाळा काढता येतो. किंमत एवढीच, की रोज अर्धा ते एक लिटर पाणी उडतं आणि ते गोड्या, शुद्ध पाण्यानेच भरायचं असतं. मीठ उडत नाही, म्हणून मिठाचं पाणी भरायचं नाही. काचेवर स्केचपेनने एक रेघ मारून ठेवावी आणि सकाळ-संध्याकाळ पाणी त्या रेघेला आणावं. बाजारात यासाठी सेन्सरची यंत्रं मिळतात. मी रेघेच्या बाजूचा आहे, कारण रेघेकडे पाहणारा माणूस टँककडेही पाहतो.

हिवाळ्यात उलटं. रात्री दहाच्या खाली पारा गेला की किनाऱ्यावरच्या माणसाला न लागणारा हीटर आपल्याला लागतो. आणि वीज गेली तर? इथे प्रत्येकाने मनात एक क्रम पक्का करावा. पाणी हलवणारा पंप चार-पाच वॉटचा असतो, तो आधी इन्व्हर्टरवर. हीटर त्यानंतर, काचेला गोधडी गुंडाळून भागत असेल तर नाहीच. दिवा सगळ्यात शेवटी. कोरल अंधारात एक दिवस काढतात. थांबलेल्या पाण्यात, प्राणवायूवाचून, ते एक रात्रही काढतीलच असं नाही. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घरात असावा, आणि त्याची बॅटरी अधूनमधून तपासलेली असावी.

पाण्याबद्दल थोडं अधिक. आपल्या बोअरचं पाणी जड, आणि शेतांमधून झिरपलेल्या खतांचं नायट्रेट त्यात असू शकतं. ते टँकमध्ये थेट चालत नाही. आरओच्या पुढे उरलेसुरले क्षार काढणारं डीआयचं रेझिन लावून टीडीएस शून्यावर आणावा लागतो. आरओ एका लिटरमागे साधारण तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. उन्हाळ्यातली वाफ आणि पाणीबदल धरला तर चाळीस लिटरच्या टँकला आठवड्याला बारा-एक लिटर शुद्ध पाणी लागतं, म्हणजे बोअरचं पन्नासेक लिटर. टँकरच्या दिवसांत हा हिशेब स्वतःशी मांडल्याशिवाय कुणी सुरुवात करू नये. टाकाऊ पाणी धुण्याभांड्यांना जातं, त्यात वावगं काही नाही. बदललेलं खारं पाणी मात्र झाडांना घालू नये. आठवड्याला पाच लिटर म्हणजे १७५ ग्रॅम मीठ, वर्षाला नऊ किलो. क्षारपड जमीन काय असते हे गिरणाकाठच्या माणसाला मी सांगायला नको.

एवढा खटाटोप आजच का करावा, याचं माझं कारण समुद्राच्या बातम्यांमध्ये आहे. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ नंतर, एप्रिल २०२४ मध्ये जगातल्या प्रवाळांचं चौथं जागतिक विरंजन जाहीर झालं. लक्षद्वीपचे प्रवाळही त्यात पांढरे पडले. नेहमीच्या उन्हाळ्यातल्या सर्वोच्च तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जास्त राहिलं आणि तसं काही आठवडे टिकलं, एवढ्यावर हे होतं. ही बातमी वाचून पान उलटणारा माणूस आणि मे महिन्यात आपल्या टँकचा थर्मामीटर २७ वरून २९ वर जाताना पाहिलेला माणूस, या दोघांना तो एक अंश सारखा वाटत नाही. घरातला टँक समुद्र वाचवतो, असा दावा मी कुठेही केलेला नाही. पण टँकमध्ये शिकलेल्या गोष्टी समुद्राच्या कामी आल्या आहेत. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चंद्रकला, ऋतू आणि उजेड यांची हुबेहूब नक्कल करून बंद टँकमध्ये ॲक्रोपोराचं प्रजनन घडवलं. फ्लोरिडात मोट प्रयोगशाळेत डेव्हिड व्हॉन यांना दिसलं, की प्रवाळाचे अगदी बारीक तुकडे केले तर ते कितीतरी पटींनी झपाट्याने वाढतात. ती पद्धत आज प्रवाळभित्ती पुन्हा उभारायला वापरतात. आपल्याकडे ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनफिशची हॅचरी उभी राहिली. हॅचरीत जन्मलेली जोडी मिळत असताना समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचं कारण उरत नाही.

या पुस्तकात पद्धतींची लढाई लढवलेली नाही. बर्लिनकडून दगड आणि पाण्याचा प्रवाह घेतला, एडींकडून शेवाळाचा उपयोग घेतला, स्किमर सोडून दिला आणि आठवड्याच्या बादलीवर भर दिला. एकाच आकाराचा, एकाच प्रकारच्या जिवांचा टँक रिकाम्या काचेपासून पहिल्या वर्षाच्या अखेरीपर्यंत नेला आहे. मासे जवळपास नाहीत. चाळीस लिटरमध्ये एखादा गोबी ठीक, क्लाउनफिशच्या जोडीलाही मी नाइलाजाने परवानगी दिली आहे. निळा टँग, एंजल, लायनफिश यांची नावं कुठेच नाहीत, कारण एवढ्या पाण्यात त्यांना कोंडणं ही क्रूरता आहे. किमती दिलेल्या नाहीत, त्या दर हंगामाला बदलतात. दुकानांची नावं दिलेली नाहीत.

पुस्तकाचा सगळ्यात लांब भाग ज्या काळात टँकमध्ये पाहण्यासारखं काहीच नसतं त्या काळावर आहे, याचं काहींना आश्चर्य वाटेल. दगड, वाळू, मिठाचं पाणी, पंप सुरू, आणि चार ते सहा आठवडे जीव घालायचा नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडावर वस्ती करत असतात. मग दगडावर तपकिरी थर चढतो, त्यानंतर हिरवा. पुष्कळ जण इथे घाईला येतात, औषधं ओततात, दगड घासतात. या आठवड्यांत रोज काय पाहायचं, कोणत्या दिवशी काय मोजायचं, अल्कलिनिटीच्या किटमध्ये थेंब मोजताना निळा रंग पिवळा होतो तो नेमका कोणत्या थेंबाला धरायचा, हे मी सविस्तर लिहिलं आहे, आणि तक्त्यांसाठी कोरी पानं सोडली आहेत. ती पेन्सिलीने भरावीत.

वाचकाने खरेदीला निघण्याआधी विजेचं आणि पाण्याचं अशी दोन प्रकरणं वाचावीत. बाकीची कोणत्याही क्रमाने चालतील. आणि पहिली खरेदी मिठाची किंवा दिव्याची न करता क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरची करावी. घरात टीडीएस मीटर आधीपासून असेलच.